परदेशी क्लबकडून खेळायला गेल्यावर: पहिले दहा दिवस

मी व्हॉलीबॉलची सेटर, म्हणजे मारणारीला बॉल उंचावून देणारी. तीन देशांतल्या क्लबांकडून मिळून नऊ मोसम खेळले. पहिल्यांदा गेले तेव्हा रविवारी रात्री पोहोचले आणि सोमवारी दुपारी सरावाला उभी राहिले. प्रशिक्षकांनी विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "अगदी बरी." खरं तर दोन दिवसांत मिळून चार तासही झोप झाली नव्हती. सराव संपायला वीस मिनिटं राहिली असताना उडी मारून खाली येताना पोटरीत कळ आली, आणि पुढचे एकोणीस दिवस मी बाकावर बसून काढले. ज्या क्लबने मला इतक्या लांबून आणलं, त्यांनी माझा खेळ बघायच्या आधी माझी दुखापत बघितली. ते अजून मनाला लागतं.

पुढच्या दोन वेळी मी वेगळं वागले आणि दोन्ही वेळा पहिल्या महिन्यात ठणठणीत राहिले. काय केलं ते इथे लिहिते आहे. उदाहरणं व्हॉलीबॉलची येतील, कारण माझा जन्म त्यातच गेला. पण फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकीवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: पहिल्या दहा दिवसांत कुणाला काही दाखवायला जाऊ नका. दाखवायला पुढे अख्खा मोसम पडलेला असतो. हे दहा दिवस बस्तान बसवायचे.

निघायच्या आधी

खेळायचे बूट, गुडघ्यांचे पॅड, ब्रेस, सरावाच्या कपड्यांचा एक जोड, औषधं आणि कराराची छापील प्रत हे सगळं विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. दुसऱ्या वेळी माझी मोठी बॅग चार दिवस उशिरा आली. बाकी सगळं उसनं मिळतं, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. नवे कोरे बूट घालून पहिल्या आठवड्यात उड्या मारणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. औषधं मूळ वेष्टनातच न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, तीवर औषधाचं रासायनिक नाव लिहून घ्या. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.

जुने एमआरआय, ईसीजी, शस्त्रक्रियेचे कागद फोनमध्येही असू द्यात. तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होतेच. तुमच्या गुडघ्यात तीन वर्षांपूर्वीची एखादी खूण असेल आणि जुना अहवाल हाताशी नसेल, तर तीच खूण "नवी दुखापत" म्हणून नोंदली जाऊ शकते.

क्लबला महिनाभर आधी विचारा की लीगमध्ये कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा बॉल वापरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१९ पासून मिकासा कंपनीचा अठरा पट्ट्यांचा व्ही२००डब्ल्यू आला. त्याआधीचा एमव्हीए२०० आठ पट्ट्यांचा होता. काही लीग मोल्टेनच्या बॉलवर खेळतात. नियमाप्रमाणे वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे कागदावर सगळे बॉल सारखेच. बोटांना मात्र सारखे लागत नाहीत. पृष्ठभाग बदलला की बॉल बोटांतून सुटण्याचा क्षण बदलतो. सेटरला हे सगळ्यात जास्त जाणवतं, लिबेरोला, म्हणजे मागे राहून फक्त बचाव करणारीला, त्याखालोखाल. तसाच बॉल मिळाला तर निघायच्या आधी रोज दोनशे वेळा भिंतीवर मारा. परक्या गावात गेल्यावर निदान बॉल तरी ओळखीचा असतो.

विमान आणि झोप

विमानाच्या केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या आत. आतला दाब दोन हजार मीटरच्या आसपासच्या डोंगरावर असावा तसा. लांब पायांच्या माणसाला तासन्तास गुडघे मुडपून बसावं लागलं की पायांतलं रक्त साकळतं. दर तासाला उठून चाला, बसल्या बसल्या टाचा वरखाली करा, पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे घाला. मोठी शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. हे टाळू नका.

आता जेट लॅग, म्हणजे वेळेच्या फरकाने झोपेचा होणारा गोंधळ. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण "लवकर झोप, सगळं ठीक होईल" असंच सगळे सांगतात आणि ते पुरत नाही.

शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी रोज साधारण एक तास जुळवून घेतं. वेळेत सहा तासांचा फरक असेल तर जवळपास आठवडा गेला असं धरा. पूर्वेकडे जाणं जास्त जड पडतं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. हे घड्याळ सरकवायचं मुख्य साधन म्हणजे प्रकाश. पण तो चुकीच्या वेळी घेतला तर घड्याळ उलट्या दिशेला सरकतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

समजा तुम्ही घरी सकाळी सहाला उठता. झोपेत शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं ते उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी, म्हणजे पहाटे चारच्या आसपास. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. नंतर पडलेला पुढे ओढतो. आता तुम्ही पूर्वेकडे, घड्याळ पाच तास पुढे असलेल्या देशात गेलात. शरीराचे पहाटेचे चार तिथे सकाळी नऊला वाजतात. सकाळी सातला "ताजी हवा घेऊ" म्हणून उन्हात फिरायला गेलात तर तुम्ही घड्याळ मागे ढकलता आहात, आणि तुम्हाला ते पुढे न्यायचं आहे. म्हणून पहिल्या दिवशी नऊपर्यंत पडदे लावून आत राहा, बाहेर जावंच लागलं तर गडद गॉगल लावा. नऊनंतर मात्र दोन-तीन तास उघड्यावर काढा. दुसऱ्या दिवशी ही वेळ आठवर आणा, तिसऱ्या दिवशी सातवर.

पश्चिमेकडे पाच तास मागे गेलात तर तेच चार तिथे आदल्या रात्री अकराला येतात. तेव्हा संध्याकाळचा प्रकाश तुमचा मित्र. उजेड असेपर्यंत बाहेर राहा, रात्री दहापर्यंत जागं राहायचा प्रयत्न करा. मध्यरात्री दोनला जाग येईल. दिवा लावू नका, फोन बघू नका, अंधारात पडून राहा.

फरक आठ-नऊ तासांहून जास्त असेल तर हे गणित गुंतागुंतीचं होतं, कारण मग शरीर कधीकधी उलट्या दिशेने फिरून जुळवून घेतं. तेव्हा संघाच्या डॉक्टरांकडून निघायच्या आधीच वेळापत्रक बनवून घ्या.

दुपारी झोप अनावर झाली तर तीनच्या आत आणि गजर लावून, वीस ते तीस मिनिटंच झोपा. कॉफी सकाळीच. तिचा निम्मा अंमल पाच तासांनंतरही अंगात असतो. मेलाटोनिन, म्हणजे झोपेसाठी घेतात त्या गोळ्या, खेळातल्या प्रतिबंधित औषधांच्या यादीत नाही, पण काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि दुकानातून पूरक आहार म्हणून घेतलेल्या गोळ्यांत दुसरं काही मिसळलेलं असण्याचा धोका खेळाडूने पत्करू नये. डॉक्टरांनी दिलं तरच घ्या.

आणि पलंगाची लांबी आधी विचारा. हे किरकोळ वाटेल. माझी एक मधली ब्लॉकर १९४ सेंटिमीटरची होती आणि तिला दिलेला पलंग १९० चा. ती पंधरा दिवस तिरकी झोपली आणि कंबर धरून बसली.

प्रशिक्षकांना काय सांगायचं

"मला दोन दिवस विश्रांती हवी" असं म्हणायला जीभ रेटत नाही. पगार सुरू झालेला असतो, सगळे बघत असतात, आपण आळशी वाटू अशी भीती असते. मला यावर सापडलेला उपाय म्हणजे एक कागद. निघायच्या आधीच्या चार आठवड्यांत किती सराव केला, किती मिनिटं, वजनं किती उचलली, अंदाजे किती उड्या मारल्या हे आठवड्यागणिक लिहून ठेवा, आणि पहिल्या भेटीत तो कागद प्रशिक्षक आणि फिजिओ दोघांच्या हातात द्या. मग बोलणं तुमच्या इच्छेबद्दल राहत नाही, आकड्यांबद्दल होतं. "मी आठवड्याला इतक्या उड्यांवर होते, प्रवासाच्या आठवड्यात जवळपास शून्य. दहाव्या दिवशी पूर्ण सरावात यायचं आहे, मधलं कसं चढवू या?" माझ्या दुसऱ्या क्लबच्या फिजिओने तो कागद बघितला आणि माझ्यासाठी सरावाच्या फळ्यावर वेगळा रकाना आखला.

माझा चढता क्रम असा असे: पहिले दोन दिवस फक्त चालणं, सांधे मोकळे करणं, जमिनीवर उभं राहून बॉल हाताळणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकी वजनं आणि उडी न मारता सेटिंग. पाचव्यापासून मोजून उड्या. पूर्ण ताकदीचा सहा विरुद्ध सहा सामना आठव्या-नवव्या दिवसाच्या आत नाही. हवा घरच्यापेक्षा खूप गरम असेल तर याहून हळू चढवा. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि त्यातले पहिले चार-पाच दिवस सर्वांत नाजूक.

फिजिओबरोबर पहिल्याच दिवशी आणखी एक काम करा: दुखण्याचे शब्द ठरवा. आपल्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, ओढ वेगळी. परक्या भाषेत सगळ्यालाच "दुखतं" म्हटलं तर फिजिओला काहीच कळत नाही. मी प्रत्येक प्रकाराला एक खूण ठरवली होती आणि शून्य ते दहाचा आकडा. चमक म्हणजे बोटाने टिचकी, ठणका म्हणजे मूठ उघडझाप. फिजिओ ते पटकन शिकली, आणि सामन्यात टाइमआउटच्या तीस सेकंदांत आम्हाला त्याचा फार उपयोग झाला.

हॉल आणि तिथली माणसं

पहिल्या दिवशी सराव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी हॉलमध्ये जा आणि कोर्टवर पाठीवर आडवे व्हा. मी प्रत्येक नव्या हॉलमध्ये हे करते. सेटर वर बघत खेळते. दिवे कुठे आहेत, कोणत्या कोपऱ्यात बॉल उजेडात हरवतो, छताचा रंग कोणता हे आधी माहीत हवं. नियमाप्रमाणे कोर्टच्या वर किमान ७ मीटर मोकळी जागा लागते. जागतिक व्हॉलीबॉल फेडरेशनच्या मोठ्या स्पर्धांत ती १२.५ मीटर असते. सात मीटरच्या छताखाली उंच पासची सवय बदलावी लागते. मग उठून बाजूच्या रेषेपासून भिंतीपर्यंत पावलं मोजा. किमान मोकळी जागा ३ मीटर, मोठ्या हॉलमध्ये ५. बॉलमागे धावताना ते दोन मीटर कमी आहेत हे शरीराला ठाऊक नसेल तर जाहिरातीच्या फळीवर आपटाल.

आता जी गोष्ट कुणीच शिकवत नाही, ती. संघात एक मुलगी असते जिची जागा घ्यायला तुम्ही आला आहात. तुम्ही विमानात बसायच्या आधीपासून तिला ते माहीत असतं. बऱ्याच लीगमध्ये कोर्टवर एका वेळी किती परदेशी खेळाडू असावेत यावर मर्यादा असते, म्हणजे क्लबने ती मोजकी जागा तुमच्यासाठी वापरली. तिच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा.

मी पहिल्या क्लबात तिला टाळलं, कारण मलाच अवघडल्यासारखं झालं होतं. ते चुकलं. दुसऱ्या क्लबात पहिल्याच सरावानंतर वही घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "चार नंबरवरून (पुढच्या डाव्या बाजूने) मारणारीला बॉल किती उंच आवडतो? नेटपासून किती लांब?" पहिल्या दिवशी तिने दोन शब्दांत उत्तर दिलं आणि निघून गेली. बुधवारी तिने माझ्या हातातली वही घेतली आणि पाचही अटॅकरसाठी रेघा काढून दिल्या: कुणाला अँटेनाच्या (नेटच्या कडेच्या उभ्या काठीच्या) जवळ हवा, कोण घाईत हात आधी फिरवते, कुणाला पिछाडीवर असताना बॉल मिळाला नाही की राग येतो. हे कोणत्याही व्हिडिओत दिसत नाही. त्या मोसमात मी खेळले त्या प्रत्येक चांगल्या सामन्यात तिची ती पानं होती, आणि मी हे प्रशिक्षकांसमोर तिचं नाव घेऊन सांगितलं. ते सांगणं मदत घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुम्ही सेटर नसाल तरी तुमच्या जागेवरची ती व्यक्ती शोधा आणि तिला खरा, खेळाबद्दलचा प्रश्न विचारा. नुसतं गोड बोलणं लगेच ओळखू येतं.

भाषेची भीती वाटते, पण कोर्टवरची भाषा छोटी असते. व्हॉलीबॉलच्या कोर्टाचे सहा भाग जगभर एकाच क्रमाने मोजतात: मागचा उजवा एक, पुढचा उजवा दोन, पुढचा मधला तीन, पुढचा डावा चार, मागचा डावा पाच, मागचा मधला सहा. म्हणून सगळ्यात आधी त्या भाषेतले एक ते सहा आकडे शिका. अर्धं कोर्ट तिथेच हातात येतं. मग माझा, तुझा, सोड, बाहेर, आखूड, ब्लॉक, मोकळा बॉल, वेळ आहे. पुस्तकातून किंवा ॲपवरून नको. एखाद्या सहकारी मुलीला हे शब्द ओरडून म्हणायला सांगा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करा. हॉलमध्ये ओरडलेला शब्द अर्धाच ऐकू येतो आणि तो अर्धा कोणता, हे पाठ असावं लागतं. पाठीमागे लपवून करायच्या बोटांच्या खुणा मात्र क्लबागणिक बदलतात. तुमच्या जुन्या क्लबमधल्या खुणा त्यांच्यावर लादू नका, त्यांच्या शिका. तुम्ही एकट्या बदललात की काम होतं, नाहीतर बारा जणींना बदलावं लागतं.

कागद

व्हॉलीबॉलमध्ये दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळायला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं, त्यालाच सगळे आयटीसी म्हणतात. ते जागतिक फेडरेशनच्या संगणक प्रणालीतून निघतं. खेळाडू, नवा क्लब, जुन्या देशाचं फेडरेशन आणि नव्या देशाचं फेडरेशन अशा सगळ्यांची संमती त्यात पडावी लागते. फुटबॉलमध्येही आयटीसीच, बास्केटबॉलमध्ये त्याला लेटर ऑफ क्लिअरन्स म्हणतात. माझ्या दुसऱ्या क्लबात मी ठणठणीत होते, सगळा सराव नीट झाला होता, आणि पहिला सामना मी प्रेक्षकांत बसून बघितला, कारण साखळीतल्या एका कार्यालयात कुणीतरी संमतीचं बटण दाबायचं राहिलं होतं. तेव्हापासून मी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरला विचारते, "आयटीसी कुठपर्यंत आलं आहे? कुणाची संमती बाकी आहे?" तोंडी "चालू आहे" यावर थांबू नका, स्क्रीनचा फोटो मागा. शुक्रवारी दुपारनंतर कोणतंही फेडरेशन तुमच्या मदतीला येणार नाही.

करार पुन्हा एकदा वाचा, खास करून चार ठिकाणी. पगार हातात पडणारा आहे की कर कापायच्या आधीचा. विमा कोणत्या तारखेपासून लागू आहे, कारण पहिल्या सरावाच्या आधी तो सुरू असायला हवा. दुखापत झाली तर शस्त्रक्रिया कुठे, कुणाच्या खर्चाने आणि त्या काळात पगार मिळणार का. आणि वैद्यकीय तपासणीत क्लबला काही आवडलं नाही तर करार रद्द होतो का. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमाप्रमाणे करार वैद्यकीय तपासणीवर किंवा कामाच्या परवान्यावर अवलंबून ठेवता येत नाही, आणि २०१८ पासून असाही नियम आहे की दोन महिन्यांचा पगार विनाकारण थकला तर खेळाडूला लेखी कळवून, किमान १५ दिवसांची मुदत देऊन करार मोडता येतो. बास्केटबॉलमध्ये फिबाने, म्हणजे त्या खेळाच्या जागतिक फेडरेशनने, २००७ मध्ये सुरू केलेलं लवाद न्यायाधिकरण आहे, पण करारात तसं कलम असेल तरच तिथे जाता येतं. तुमच्या खेळात असं संरक्षण नसेल तर तेच शब्द करारात लिहून घ्या. कराबद्दल इतकंच: खेळाडूच्या कमाईवर देशादेशांतल्या बहुतेक कर-करारांनुसार जिथे खेळतो तो देश कर लावू शकतो, मुक्काम थोडा असला तरी. क्लबकडून कर भरल्याचा दाखला मिळेल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. मोसम संपल्यावर विचारलं तर उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

वैद्यकीय नियमही देशागणिक वेगळे असतात. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या सामन्यात मैदानात कोसळला, त्याच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं, आणि इटलीच्या नियमांत ते यंत्र घेऊन खेळता येत नसल्याने त्याचा तिथला करार संपला. जानेवारी २०२२ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबशी करार केला आणि पुढच्याच महिन्यात तो खेळायला लागला. तोच माणूस, तेच हृदय, देश दुसरा. म्हणून एखादा जुना आजार असेल तर जायच्या आधीच त्या देशाचा नियम विचारा.

औषधं आणि पत्ता

सर्दी झाली म्हणून नव्या गावातल्या दुकानातून ओळखीच्या नावाचं औषध घेऊ नका. ब्रिटनचा स्कीपटू अलेन बॅक्स्टर याने २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम या स्कीइंगच्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं होतं. नाक मोकळं करायला त्याने तिथल्या दुकानातून इनहेलर घेतलं, घरी वापरायचा तेच समजून. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या इनहेलरमध्ये एक वेगळा, प्रतिबंधित घटक होता. फसवण्याचा हेतू नव्हता हे मान्य झालं, पदक मात्र गेलं. दर वेळी वेष्टनावरचे घटक वाचा आणि संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेऊ नका. दम्याचा पंप वापरत असाल तर मात्रेच्या मर्यादा पाठ असू द्यात: त्यातलं साल्बुटामॉल हे औषध चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या पुढे नाही. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) प्रतिबंधित यादी दर वर्षी १ जानेवारीला नवी लागू होते, म्हणजे मोसमाच्या ऐन मध्यावर. आजारपणासाठी प्रतिबंधित औषध घ्यायची आपल्या देशात मिळालेली सवलत नव्या स्पर्धेत आपोआप चालेलच असं नाही, तेही विचारून घ्या.

तुम्ही नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे ज्यांची उत्तेजक चाचणी न कळवता कधीही होऊ शकते अशा खेळाडूंत, असाल तर आणखी एक जबाबदारी असते. पहाटे ५ ते रात्री ११ यांमधला रोजचा एक तास आणि तेव्हाचा पत्ता कळवायचा असतो. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली तर तो उत्तेजकविरोधी नियमांचा भंग ठरतो. परदेशी गेल्यावर पहिल्या दहा दिवसांत पत्ता दोन-तीनदा बदलतो: हॉटेल, मग कुणाचं तरी घर, मग तुमचा फ्लॅट. माझ्या एका सहकारी मुलीच्या नावावर अशीच एक नोंद पडली. ती फ्लॅटवर गेली होती आणि चाचणीवाले हॉटेलवर. सामान हलवायच्या आधी ॲपमध्ये पत्ता बदला. दारावर घंटी चालू आहे का, ती आतल्या खोलीत ऐकू येते का, तेही त्याच दिवशी बघा.

घर

फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या, बॅग उघडायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि मॅनेजरला पाठवा. मोसमाच्या शेवटी भिंतीवरच्या डागाचा वाद त्याने मिटतो. घरचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा. जुनं सिमकार्ड बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. वाहन उलट्या बाजूने चालत असेल तर पहिला आठवडा गाडीच्या चाकामागे बसू नका; अपुरी झोप आणि उलटी बाजू हे जोडीने फार वाईट.

दिवस कसाही निघून जातो. संध्याकाळी सराव संपल्यापासून झोपेपर्यंतचे चार तास जड जातात. त्या वेळात मी पहिल्या वर्षी रोज रात्री घरी फोन करायचे, आणि रोज रडायचे, आणि आई तिकडे रात्रभर जागी राहायची. थकलेल्या अंगाने केलेल्या फोनमध्ये सगळंच वाईट दिसतं. नंतर मी फोनची वेळ सकाळी सरावाच्या आधी ठेवली. तीच आई, तीच मी, बोलणं वेगळं व्हायला लागलं. संध्याकाळी पायाला बर्फ लावून बसायचं, वहीत त्या दिवसाचे पाच शब्द लिहायचे, आणि आठवड्यातून दोनदा कुणाबरोबर तरी बाहेर जायचं, जायची इच्छा नसली तरी. पंधरा दिवसांनंतरही झोप लागत नसेल, भूक मेली असेल, हॉलमध्ये जाताना छातीत धडधडत असेल तर संघाच्या डॉक्टरांना तसंच सांगा, पोटरी दुखते हे ज्या आवाजात सांगाल त्याच आवाजात.

दहाव्या दिवशी मी मॅनेजरला एक छोटा ईमेल पाठवते: आयटीसी झालं का, विम्याचा क्रमांक काय, तपासणीचे अहवाल माझ्याकडे कधी येतील, बँकेचं खातं उघडलं का, पहिल्या पगाराची तारीख कोणती. पाच ओळी, प्रत्येकीपुढे उत्तरासाठी जागा. मग बूट घेऊन हॉलवर जाते. त्या दिवशी फळ्यावरच्या वेगळ्या रकान्यातून माझं नाव पुसून बाकीच्यांच्या यादीत लिहिलेलं असतं.